पट्ट्यावर परत ठेवलेली ताटली

माझा मुलगा एक दिवस आपल्या बायकोचा जीव घेईल, ही भीती गेले तीन आठवडे माझ्या मनातून जात नाही. भाजी चिरताना असते, देवापुढे दिवा लावताना असते, समोरच्या दीपालीशी गेटपाशी बोलताना असते. वैभव आता आतल्या खोलीत झोपला आहे. सकाळी सहाला तो रामाकोन्याला निघणार आणि वृषालीला माहेराहून घेऊन येणार. इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर टांगून ठेवला आहे. शर्टाखाली हिरव्या बांगड्यांचा डबा आहे.

वैभव कसा माणूस आहे म्हणून पांढुर्ण्यात कोणालाही विचारा, लाख माणूस म्हणून सांगतील. ते खोटं सांगणार नाहीत. तो संत्र्याच्या ग्रेडिंगच्या कारखान्यात मशीन सांभाळतो. शेतातून आलेला माल धुऊन, मेण लावून पट्ट्यावर सरकत जातो. दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया फळ उचलून फिरवून बघतात. डागी असलं तर क्रेटमध्ये टाकतात, चांगलं असलं तर परत पट्ट्यावर ठेवतात. दोन वर्षांपूर्वी गुणवंता नावाच्या म्हाताऱ्या मजुराची बाही खालच्या साखळीत गेली आणि बाहीमागून हात गेला. बटण दाबल्यावरही पट्टा थांबायला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्यात खांद्यापर्यंत ओढला गेला असता. वैभवनं हातातली लोखंडी सब्बल साखळीत खुपसली. साखळी तुटून उसळली आणि त्याच्या हनुवटीवर बसली. हाड दिसत होतं. गुणवंताची दोन बोटं गेली, पण हात वाचला. ती बोटं वैभवनं स्वतः मेणाच्या टाकीशेजारून शोधून रुमालात बांधली आणि दवाखान्यात नेली. उपयोग झाला नाही, पण त्यानं नेली. अजूनही गुणवंता रस्त्यात भेटला की मला थांबवून म्हणतो, "बाई, पोरगा नाही, हिरा हाय तुमचा."

तो जन्मला सौंसरला, माझ्या माहेरी, आणि वाढला इथं, जाम नदीपासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या या घरात. त्याचे वडील दत्तात्रय तहसीलमध्ये होते; आता ते नाहीत. मोठ्यानं बोललेले मला आठवत नाहीत. वैभवला त्यांनी एकदाही हात लावला नाही, त्यामुळे हे त्यांच्याकडून आलं असं म्हणायची सोय मला नाही.

लहानपणी पोळा जवळ आला की तो गोटे जमवायला लागायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते: नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. सगळीच पोरं जमवतात, पण हा अंगणात तीन क्रेट मांडायचा. लांब जाणारे हलके एका क्रेटमध्ये, नेम धरायचे चपटे दुसऱ्यात, आणि जवळून मारायचे वजनदार तिसऱ्यात. दत्तात्रय हसायचे. "अरे, हा तर गोट्यांचं ग्रेडिंग करून राहिला!" मीही हसायचे. एकोणिसाव्या वर्षी गोटमारीत त्याच्या गोट्यानं सावरगावच्या ऋषिकेशचा जबडा फोडला. मी तेव्हा गच्चीवर होते. तो पोरगा पाण्यात गुडघ्यांवर बसला, त्यानं तोंडाशी ओंजळ धरली, आणि ओंजळ भरली. दोघांनी त्याला उचलून नेलं तेव्हा त्याचा खालचा ओठ गळ्यापाशी लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी वैभव केळी घेऊन त्याच्या घरी गेला. आमच्याकडे तसंच असतं. सूर्य मावळला की गोटमार संपली. दोन्ही काठांवर सोयरे आहेत, कोणी तक्रार करत नाही, कोणी मनात धरत नाही. संध्याकाळी तो परत आला तो फुललेला.

"आई, ऋषिकेशच्या मायनं चहा पाजला. म्हणे, पोरा, निशाणा जबर हाय तुहा."

"आणि तो?"

"तोंड बांधेल हाय त्याचं, बोलणार कसा? हात मिळवला न."

मला अभिमान वाटला होता. घरोघरी सांगितलं मी. आता वाटतं, आपण ज्याला मारलं त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी चहा मिळतो, हे त्याच्या मनात त्या दिवशी पक्कं बसलं.

वृषाली चार वर्षांपूर्वी आली. रामाकोन्याच्या पुंडलिकरावांची मुलगी, घरची संत्र्याची बाग. लहानपणापासून मालाच्या ढिगाशी बसून फळं निवडलेली. बोलकी, आणि नकला करायची. मी फोनवर विम्याच्या माणसाशी कशी बोलते त्याची नक्कल ती माझ्यासमोर करायची आणि मी पदर तोंडाला लावून हसायचे. पहिलं वर्ष बरं गेलं. मग त्यांच्या खोलीतून आवाज यायला लागले. "कपाट सरकवून राहिलो, आई." दुसऱ्या दिवशी वैभव सकाळीच गरम कचोरी घेऊन यायचा, बिघडलेला मिक्सर दुरुस्त करायचा, गच्चीची टाकी धुवायचा. आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणायचा, "चहा ठेव न, वृषाली." ती ठेवायची. कपाट एवढ्यांदा कशाला सरकवावं लागतं, हे मी विचारलं नाही. मी एम. ए. झालेली बाई आहे. मला विचारता आलं असतं.

यंदा गोटमारीच्या दिवशी सकाळीच मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. मागच्या वर्षी एक गोटा थेट आमच्या टाकीवर आला होता, म्हणून. किल्ली कमरेला खोचली. वैभव दहाला नदीवर गेला. दुपारी मी दीपालीकडे आदल्या दिवशीचं पुरण द्यायला गेले आणि बोलत बसले. परत आले तर तो घरी आला होता. पायाला मार लागला होता. आमच्या बाजूचा डाव पालथा पडला म्हणून डोक्यात जाळ होता. वृषाली स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसली होती. कपाळावर ओढणीचा बोळा होता. बोळ्यातून रक्त नाकाच्या बाजूनं उतरून हनुवटीवरून मांडीवर ठिबकत होतं. नळाखाली वरवंटा पडला होता, धुतलेला. त्या दिवशी कोणी काही वाटलं नव्हतं.

"गोटा लागला हिले," वैभव म्हणाला. "गच्चीवर गेली होती पाहाले."

मी वृषालीकडे बघितलं. ती म्हणाली, "हो आई. गच्चीवर गेलते."

त्यानंच तिला उचलून डॉक्टरांच्या शिबिरात नेलं. तिथं डोकी फुटलेल्यांची रांग होती. कोणाचा डोळा बंद, कोणाचा हात लोंबता. डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, "गोटा?" वैभव म्हणाला, "गोटा." सात टाके पडले. आमच्या गावात वर्षातून एक दिवस असा असतो की त्या दिवशी कोणाच्याही जखमेबद्दल कोणी काही विचारत नाही. संध्याकाळी मी पुंडलिकरावांना फोन केला आणि माझ्या तोंडानं सांगितलं की पोर गच्चीवर उभी होती, कुठूनसा गोटा आला. बोलताना किल्ली माझ्या कमरेला टोचत होती.

नोव्हेंबरात त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आला. वैभव म्हणाला, नागपूरला नवीन हॉटेल झालं आहे, तिथं जेवण पट्ट्यावर फिरतं, आपण जाऊ. त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. आदल्या दिवशी खोलीत पुन्हा कपाट सरकलं होतं, आणि वृषाली लांब बाह्यांचा ड्रेस घालून गाडीत बसली.

हॉटेल चकाचक होतं. मधोमध जपानी स्वयंपाकी टोप्या घालून भाताच्या वळकट्या कापत होते. त्यांच्याभोवतीचा पट्टा सगळ्या टेबलांना वळसा घालून फिरत होता. त्यावर छोट्या ताटल्या आणि ताटल्यांवर काचेसारखी झाकणं. वैभव लहान मूल झाला होता. वाकून पट्ट्याखाली बघत होता.

"आई, पाह्य. खाली चेन हाय, पण आवाज नाही. वळणावरही प्लेट हालत नाही. आपली लाईन अशी पाहिजे."

"आपल्याकडे संत्री फिरतात, इथं भात फिरून राहिला," मी म्हटलं.

वृषाली काळ्या पानात गुंडाळलेला गार भात निरखत म्हणाली, "आई, सकाळचा उरलेला भात हाय हा. फक्त फोडणी द्यायची राहिली."

वैभव एवढ्या मोठ्यानं हसला की शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं वळून बघायला लागली. "भाताच्या गळ्यात पट्टा बांधून दिला, बस," तो म्हणाला, आणि आम्ही तिघं हसलो. ते हसणं खरं होतं. म्हणून तर मला तो दिवस समजत नाही.

मग वृषालीनं एक ताटली उचलली. झाकण काढून वळकटी जरा तिरपी करून खालून बघितली. आत कच्ची मासोळी होती. तिनं झाकण लावलं आणि ताटली पट्ट्यावर परत ठेवून दिली. डोळ्यांनी ती दुसरीच ताटली शोधत होती. उचलायचं, फिरवून बघायचं, आपल्याला नको असलं तर पट्ट्यावर सोडून द्यायचं. ढिगाशी बसून वाढलेल्या पोरीचा हात तो. माझ्याही हातून तेच झालं असतं.

वाढणारी मुलगी धावत आली. "मॅम, उठाई हुई प्लेट वापस नहीं रखते. दूसरे गेस्ट खाते हैं." आवाज मोठा नव्हता, पण ती ताटली पकडायला पट्ट्याच्या कडेनं पळाली, दोन टेबलं ओलांडून, आणि सगळं हॉटेल बघायला लागलं. कॉलेजच्या पोरांतला एक खिदळला, "गाँव से आए हैं."

"सॉरी, सॉरी, गलती हो गई," वैभव हसून म्हणाला. चेहरा अगदी छान होता त्याचा.

माझ्या मांडीवरचा कागदी रुमाल घसरला म्हणून मी वाकले. टेबलाखाली त्याच्या उजव्या हातात वृषालीच्या उजव्या हाताचं शेवटचं बोट होतं. ते तो मागे वाकवत होता. सावकाश, बोल्ट आवळतात तसं. मी बघत असतानाच ते बोट जिथवर जायला नको तिथवर गेलं. आवाज आला, ओली काडी मोडल्यासारखा. मला ऐकू आला. तिच्या टाचा फरशीवर उचलल्या गेल्या आणि परत टेकल्या.

मी वर आले. वैभव डाव्या हातानं पट्ट्यावरून ताटली घेत होता. वृषालीचे ओठ पांढरे पडले होते, पण तिनं दुसऱ्या हातानं माझ्यापुढे एक ताटली सरकवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आई, हे काकडीचं घ्या. तुम्हाले चालते."

मला भीती त्या आवाजाची वाटली. एवढं दुखत असताना आवाज जागेवर ठेवायला माणसाला किती वेळा सराव करावा लागला असेल?

मी ते काकडीचं खाल्लं.

गाडीत मी म्हटलं, "बोट दाखव बरं."

"गाडीच्या दारात सापडलं," वैभव पुढून म्हणाला.

"हो आई. दारात सापडलं."

वाटेत एक मोठं गाव आलं. मी म्हटलं, दवाखान्यात थांबू. त्यानं गाडी थांबवली नाही.

घरी आल्यावर त्यानं आधी चपला जागेवर ठेवल्या. मग वृषालीची वेणी धरून तिला स्वयंपाकघरात नेलं आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. "भर लोकांत," तो म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी आपटत होता. "भर लोकांत. गावठी. भर लोकांत." कपाळावर टाके पडले होते तिथंच कातडी पुन्हा उघडली. ती ओरडली नाही, फक्त श्वास बाहेर पडल्याचा आवाज येत होता. मी मध्ये शिरले. त्याच्या कोपरानं मी भिंतीवर गेले आणि चष्मा फुटला. तो थांबला, माझ्याकडे वळला आणि अगदी मायेनं म्हणाला, "आई, तू मधात नको येऊ. तुले लागन."

मग तो परत तिच्याकडे वळला. ती खाली पडली होती, मोडलेल्या बोटाचा हात फरशीवर पसरलेला. त्यानं त्या हातावर पाय ठेवला आणि वजन टाकलं. तेव्हा ती ओरडली. मीही ओरडले. तो घामानं भिजला होता. माठातून पाणी घेऊन प्याला, पेला विसळून पालथा घातला आणि झोपायला गेला.

सकाळी कचोरी आणली त्यानं. गरम होती. दारात उभा राहून म्हणाला, "चहा ठेव न." वृषालीनं डाव्या हातानं चहा ठेवला.

तो कामाला गेल्यावर मी तिला दवाखान्यात नेलं, बोटाला आणि कपाळाला पट्टी बांधून घेतली, आणि बसमध्ये बसवून स्वतः सौंसरपर्यंत सोडायला गेले. वैभवला फोनवर सांगितलं की पुंडलिकरावांना बरं नाही. तो म्हणाला, "राहू दे न चार दिवस." बसमध्ये वृषालीनं एकदाच विचारलं, "आई, घरी काय सांगू?"

मी म्हटलं, "बोट दारात सापडलं म्हण, कपाळाची जुनीच जखम उघडली म्हण. सध्या काही सांगू नको. मी बघते."

तीन आठवडे झाले. मी काय बघितलं? वैभवला दोनदा समजावलं. पहिल्यांदा तो रडला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. दुसऱ्यांदा म्हणाला, "झालं ते झालं न आई. मी धरून बसलो का? तिनं काऊन धरून बसावं?" त्याला खरंच कळत नव्हतं. तिसऱ्यांदा मी विषय काढला नाही.

आज संध्याकाळी पुंडलिकरावांचा फोन आला. आम्ही जेवायला बसलो होतो.

"विहीणबाई, जावईबापूचा फोन आलता. सकाळी न्यायले येऊन राहिले म्हणे."

"हो, म्हणाला खरं."

"पोरगी रुसल्यावाणी करून राहिली जी. म्हणते, नाही जात. म्या म्हटलं, तुह्या सासूसारखी सासू दिवा घेऊन हुडकली तरी भेटणार नाही. बोटाचं काय घेऊन बसली? आमच्या म्हशीचा पाय मोडला होता, तो जुळला. तुहं त बोट हाय!" ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, "एकच धरून बसली हाय. म्हणते, आईले विचारा. त्या ये म्हणतील त येतो. म्हणून लावला."

वैभव समोर बसला होता. त्यानं घास हातात धरला होता आणि माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. नुसता बघत होता, मी काय म्हणते ते ऐकायला.

मी म्हटलं, "पाठवा."

"बघा! सांगतो तिले," पुंडलिकराव म्हणाले. "आईनं ये म्हटलं म्हणून सांगतो."

वैभवनं घास खाल्ला आणि म्हणाला, "भाजी मस्त झाली आज."

तिनं बापाला काही सांगितलेलं नाही, कारण मी सांगू नको म्हटलं. तिथं कोणालाच काही माहीत नाही. वैभवशिवाय खरं माहीत असलेली मी एकटीच आहे, आणि ती माझ्यावर विसंबून राहिली. मी ये म्हटल्यावर ती बॅग भरून बसेल. उद्या दुपारी ती या स्वयंपाकघरात उभी असेल. पहिल्यांदा वरवंटा होता, नंतर ओट्याची कड. पुढच्या वेळी सात टाके घालायला काही उरणार नाही. मी हे उगाच घाबरून म्हणत नाही. मी त्याचं वजन त्या हातावर पडताना बघितलं आहे.

माझा एकुलता एक मुलगा आहे तो. माझा ताप मोजायला रात्रभर उशाशी बसलेला आहे. तो तुरुंगात गेला तर मी या घरात कशी राहीन, हे मला माहीत नाही. पण तिचं प्रेत या घरातून निघालं तर मी कशी राहीन, ते मला माहीत आहे.

सकाळपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. तो सहाला निघेल, त्याआधी उठून माझ्याभोवती फिरेल, चहा मागेल, आणि मग माझ्या तोंडून पुन्हा तेच निघेल. या आठवड्यात रामाकोन्याला शेताची लाइट रात्री असते, बागेला पाणी तेव्हाच द्यावं लागतं. पुंडलिकराव आत्ता बागेत मोटारीपाशी जागे असतील, फोन सदऱ्याच्या खिशात. मी मागच्या अंगणात जाऊन बोलते. आधी एवढंच सांगते, की पोरीला पाठवू नका, मी पाठवा म्हटलं ते चुकलं, आणि गच्चीचं म्हटलं होतं तेही खोटं होतं. मग वरवंट्याचं सांगते, बोटाचं सांगते. सांगते, की तिला घेऊन सकाळीच सौंसरच्या ठाण्यात या, पहिल्या बसनं मी येते आणि जे बघितलं ते लिहून देते. ते मला काय काय बोलतील, ते ऐकून घेईन.

वैभव उठून मागे आला, तर त्याच्यासमोर सांगेन. फोन घेतला आहे हातात. लावते.